थोरली इली आणि धाकटी इली

कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटा. बिस्किटाचा चुरा, चिरमुऱ्याचा दाणा, कुणाचं तरी नख, सगळं बाहेर पडतं. आत कधी गेलं ते कुणालाच आठवत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. केशवापुरातल्या आमच्या गेमिंग कॅफेत नुसतं बसून राहिलं तरी ते साचत जातात. आज मी कीबोर्ड आपटतोय. नववीतून पळालेला माणूस आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

कॅफे म्हणजे फार मोठं काही नाही. नीलव्वा अज्जींच्या घराची खालची खोली, ओळीने मांडलेले कॉम्प्युटर आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर आमचा अण्णा. म्हणजे माझा थोरला भाऊ, विनायक. या पावसाळ्यात गोकुळ रोडवर त्याची बाईक घसरली. आता त्या खुर्चीवर कुणी बसत नाही आणि कॅफे मी चालवतो. हे एकदा सांगून टाकलं, आता हसायला मोकळे.

*

आम्ही घरात मराठी बोलतो आणि दाराबाहेर पाय टाकला की कानडी. अण्णाच्या तोंडात तर दोन्हींची भेळ. कानडीत उंदराला ‘इली’ म्हणतात, म्हणून तो कॉम्प्युटरच्या माऊसलाही इलीच म्हणायचा. "माझी इली कुणी उचलली?" "ती इली मेली, दुसरी लाव." "इली पुसून ठेव, चिकट झालीये."

वर राहणाऱ्या नीलव्वा अज्जींना मराठी कळत नाही, पण इली तेवढी बरोबर ऐकू यायची. खाली दिवसभर इली, इली! शेवटी बिचाऱ्या एक दिवस उंदराचा पिंजरा घेऊन उतरल्या. आत खोबऱ्याचा तुकडासुद्धा अडकवलेला.

अण्णाने पिंजरा दोन्ही हातांनी घेतला, स्वतःचा माऊस आत ठेवला, वायर बाहेर लोंबती सोडली आणि वर नेऊन दाखवला. "सापडली, अज्जी."

अज्जींनी चष्मा सारखा करून बराच वेळ निरखलं. मग कानडीत विचारलं, "शेपूट दिसतंय. पाय कुठे गेले?"

*

तोच माऊस अण्णाचा जीव. काळा, वायरवाला, अंगठ्याच्या जागी झिजून पांढरा पडलेला. कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली तेव्हा अण्णाने लगेच ऑर्डर टाकली आणि बारसंही उरकलं. जुनी ती थोरली इली, येणार ती धाकटी.

आमच्या घरचा नियम असा, की नवं अण्णाला आणि जुनं मला. शर्ट, सायकल, दप्तर. दप्तर मी नववीत परत केलं, ते सोडा. तर अण्णा मला म्हणाला, "आता थोरली तुझी. भजी खाऊन हात लावलास तर बोटं मोडीन."

ऑर्डर यायला उशीर झाला. त्या उशिरात अण्णा गेला. म्हणजे घरात पहिल्यांदाच नवीही माझी झाली आणि जुनीही. अशी बढती कुणाला न मिळो.

*

बॉक्स आला तो दिवस सांगतो. डिलिव्हरीवाल्याने फोन करून कानडीत विचारलं, विनायक आहेत का?

कानडीत ‘इल्ला’ म्हणजे नाही आणि ‘इल्ली’ म्हणजे इथे. मला इल्ला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं इल्ली. आता दोन अक्षरांत एवढासा फरक ठेवणारी भाषा, त्यात माझी काय चूक?

तो खुशीत बॉक्स घेऊन दारातच येऊन उभा राहिला. इथेच आहेत ना, मग बोलवा, म्हणाला, ओटीपी त्यांच्याच फोनवर गेलाय. अण्णाचा फोन घरी आईजवळ असतो. ती तो रोज चार्ज करते. का, ते आम्ही विचारत नाही. मी घरी दुसऱ्या फोनवर तिला गाठलं, स्पीकर लावला आणि अण्णाच्या फोनवर आलेला आकडा वाच म्हटलं. आईने चष्मा शोधला. मग बाजारात सांगतात तशा आवाजात वाचलं, "चार हजार सातशे बारा."

डिलिव्हरीवाला घाबरला. "अम्मा, पैसे भरलेत, काही द्यायचं नाही!"

आई म्हणाली, "मग मला कशाला वाचायला लावलंत?" आणि फोन ठेवून दिला.

*

मग सुरू झाली तुलना. आमचा प्रसाद वकिलाचा मुलगा. तो पुराव्याशिवाय पाणीही पीत नाही. इंटरनेटवर वाचून त्याने जाहीर केलं की धाकटी बरीच हलकी आहे. गोकुळ रोडच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणाऱ्या मंज्याला इंटरनेटपेक्षा हातावर भरवसा. त्याने एका हातात थोरली, एका हातात धाकटी धरली आणि दोन्ही सारख्याच म्हणाला. भांडण पेटलं.

निकालासाठी मंज्या दोन्ही घेऊन कोपऱ्यावरच्या पेढेवाल्या मामांकडे गेला. मामांनी काट्यावर कागद घातला, मोठ्या गंभीरपणे थोरली ठेवली आणि विचारलं, "शेपटीसकट की शेपटीशिवाय?"

मंज्या परत आला तो तोंडात पेढा घोळवत. निकाल असा लागला, की शेपूट उचलून धरलं तर थोरली इली धाकटीपेक्षा बरोबर एक पेढा जड.

"एकच पेढा? नक्की?" प्रसादने विचारलं.

"पुरावा आत्ताच खाल्ला," मंज्या म्हणाला.

*

धाकटीचं मोठं कौतुक म्हणजे तिला वायर नाही. मंज्याला यातला फायदा सगळ्यांच्या आधी कळला.

प्रसाद मॅच खेळत होता. मंज्याने धाकटीचा रिसीव्हर गुपचूप त्याच्या कॉम्प्युटरच्या मागे लावला आणि स्वतः धाकटी घेऊन टेबलाखाली जाऊन बसला. प्रसादचा बाण आपोआप डावीकडे सरकला. त्याने हात उचलला. बाण उजवीकडे गेला. मग वरच्या कोपऱ्यात गोल गोल फिरू लागला. अण्णा विचार करताना बाण असाच फिरवायचा.

प्रसाद पांढरा पडला. त्याने कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि हात जोडले. म्हणाला, "अण्णा, तू आलास, बरं वाटलं. पण ही मॅच संपू दे."

मंज्या टेबलाखाली एवढा हसला की त्याचं डोकं टेबलाला आपटलं. मीही हसलो, पोट धरून हसलो. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आलो. आत येऊन बसलो. प्रसादने माझ्यासमोर चहा सरकवला आणि आपण मॅच हरलो, असं आनंदाची बातमी असल्यासारखं सांगितलं.

*

आता खरी गोष्ट. थोरलीचं डावं बटण जायला लागलं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. एक फाइल उघडावी तर दोन उघडायच्या. मंज्या म्हणायचा, एकावर एक फ्री.

मला मात्र हसू येईना. त्या माऊसच्या पोटात छोटीशी मेमरी आहे. बाणाचा वेग, बटणांच्या खुबी, अण्णाने जे जे लावलं होतं ते सगळं त्यात. कुठल्याही कॉम्प्युटरला जोडा, बाण अण्णाच्या हाताचा पळतो. इतका सुसाट, की आमच्यापैकी कुणालाच आवरत नाही. प्रसादने ते सगळं धाकटीत उतरवायला पाहिलं. पण धाकटीचं सॉफ्टवेअर थोरलीला ओळखच दाखवत नाही. जुनी आवृत्ती, आता चालत नाही, एवढंच पडद्यावर येतं. म्हणजे जे आहे ते तिथेच. गेलं तर गेलं.

आमच्या इथल्या लॅमिंग्टन रोडला मोबाइल दुरुस्त करणारे शब्बीरभाई अण्णाचे शाळासोबती. ते आले, बटण दाबून पाहिलं आणि म्हणाले, आतला स्विच बदलावा लागेल. मी विचारलं, आणि मेमरी? ती वेगळ्या चिपमध्ये असते, तिला धक्का लागू नये, म्हणाले.

"लागू नये की लागणार नाही?"

"वस्तू जुनी आहे. शपथ कशी घेऊ?"

मी त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकला आणि दारातून बाहेर भिरकावला. माझं हे असंच आहे, हात आधी चालतो. शब्बीरभाई उठले. बाहेर गेले, शोधला, पँटला पुसला आणि परत येऊन बसले.

"अजून दोन आहेत पिशवीत, ते पण फेक," ते म्हणाले. "पण आज नाही उघडली, तर उद्या बटण पूर्ण जाईल. मग तू हिला कपाटात ठेवशील. विनूने कपाटासाठी घेतली होती का?"

मी थोरली त्यांच्यासमोर ठेवली.

*

शब्बीरभाईंनी माऊस उघडला तेव्हा मंज्या दाराकडे तोंड करून उभा होता. प्रसाद नखं खात होता. आणि नेमकी तेव्हाच आई डबा घेऊन आली. अण्णा गेल्यापासून तिने कॅफेत पाऊल टाकलं नव्हतं. दुकानात एवढी शांतता पाहून तिने हळूच विचारलं, कुणाचं ऑपरेशन चाललंय. कुणीच हसलं नाही.

स्विच बसला. झाकण बसलं. शब्बीरभाईंनी थोरली कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला जोडली आणि माझ्याकडे पाहिलं. मला हात लावता येईना. मेमरी पुसली गेली असेल तर बाण साधा, सरळ, दुकानातून नुकत्याच आणलेल्या माऊससारखा चालणार. मी मंज्याकडे पाहिलं, मंज्याने प्रसादकडे. प्रसाद म्हणाला, "काकू, तुम्ही बघा, बाण अण्णासारखा पळतो का ते."

आई अण्णाच्या खुर्चीवर बसली. तिने माऊस उचलला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखला. मंज्या फिस्सकन हसला, मग आम्ही सगळेच हसलो, शब्बीरभाईसुद्धा. आईही हसली. मी तिचा हात धरून माऊस टेबलावर टेकवला आणि थोडासाच सरकव म्हटलं.

तिने बोटभर सरकवला. बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सणकन गेला, दिसेनासा झाला, परत आला, पुन्हा सुटला.

आईने दुसरा हातही माऊसवर ठेवला. पडद्यावरून नजर न काढता म्हणाली,

"हळू चालव रे."