न वाचता दिलेलं पुस्तक

अमरावतीत चर्चच्या आवाराला लागून आमचं पुस्तकांचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, वर टिनाचा पत्रा. पण त्या खोलीचा मला भारी गर्व. गर्व करू नये हे सांगणारी दोन-तीन पुस्तकं माझ्याच कपाटात विकायला आहेत, तीही मी वाचली आहेत, तरी तो काही जात नाही. शाळेतली नोकरी संपल्यावर मी तिथे बसायला लागले आणि पहिल्याच दिवशी ठरवलं, स्वतः वाचल्याशिवाय एकही पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं नाही. अचलपूरहून, चिखलदऱ्याहून माणसं येत. "बाई, सासऱ्यानं दारू सोडली, त्याले काही द्या ना वाचाले." मी माणसाकडे नीट बघायची, दोन प्रश्न विचारायची आणि उठून नेमकं पुस्तक काढायची. आणि प्रत्येकाला दम द्यायची, "एका दिवशी एकच पान. भराभरा वाचून काढलंत तर पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नका." लोक हसत, पण ऐकत.

मग माझे डोळे गेले. म्हणजे माणसं दिसतात, रस्ता दिसतो, पण अक्षर दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, पडदा सुकलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. मी कुणालाही सांगितलं नाही. जुनी पुस्तकं हाताला ओळखीची होती, त्यावर भागवत राहिले. खरं सांगते, मी प्रभूवर रुसले होते. जन्मभर तुझीच पुस्तकं वाटली आणि तू माझेच डोळे नेलेस? रविवारी उपासनेत माझे फक्त ओठ हलायचे.

अशात एका दुपारी एक बाई आली, हिरवं पातळ, हातात पिशवी. घामाघूम झालेली. म्हणाली, "बाई, माह्या नवऱ्याची किडनी गेली. अकोल्याले भरती आहे. इथं बहिणीकडे सामान न्याले आली होती. दिवसभर खाटेपाशी बसून राहिली की डोकं फिरून जाते. धीर येईन असं काही द्या." त्याच सकाळी नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला होता. वरच्या पुस्तकाचं नाव ठळक टायपात होतं, तेवढं कसंबसं लागलं. आजार आणि विश्वास, असं काहीतरी. मला वाचता येत नाही, हे म्हणायला जीभच उचलेना. "हे न्या, फार चांगलं आहे," मी म्हटलं. एका दिवशी एकच पान, हेही सवयीनं सांगितलं. ती हात जोडून गेली.

पाच दिवसांनी आमच्या पाळकांच्या पत्नी दुकानात आल्या. त्यांनी सहज तेच पुस्तक उचललं आणि मधलंच एक पान मोठ्यानं वाचू लागल्या. घरात एकाचा जरी विश्वास कमी पडला, तरी आजारी माणूस उठत नाही, अशा अर्थाचं तिथे लिहिलं होतं. ती बाई हे वाचणार, नवरा माझ्यामुळेच उठत नाही असं धरून बसणार. अगं आई गं! हे मी काय केलं? पाळकीणबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, एवढं कोण वाचते?" मी कडाडले, "माझ्या दुकानातलं पुस्तक लोक वाचतात!" त्या क्षणी पहिल्यांदा त्या गोष्टीची मला भीती वाटली.

तिचं नाव माहीत नाही, फोन नंबर नाही. अकोल्यात दवाखाने काय कमी आहेत? तरी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पारखीचं एक जुनं पुस्तक पदराखाली घेऊन मी एसटीत बसले. बसमध्ये मी कित्येक महिन्यांनी मनापासून प्रार्थना केली, तीही भांडल्यासारखी. म्हटलं, डोळे ठेव तुझ्यापाशी, पुन्हा मागणार नाही. पण त्या बाईशी माझी गाठ घालून दे.

मूर्तिजापूरला एक मुलगी शेजारी येऊन बसली. "मावशी, कुठं जाऊन राहिल्या? कावून रडता?" मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "हिरवं पातळ? मी अकोल्याले नर्स आहो. आमच्या वॉर्डात एक बाई आहे. पुस्तक उघडते, एक पान वाचते अन् मिटून ठेवते. मी म्हटलं, कावून वं, आवडत नाही काय? तर म्हणे, अमरावतीच्या बाईनं दम देला आहे, एका दिवशी एकच."

मी भर बसमध्ये तिचा हात घट्ट धरला. ती हसून म्हणाली, "आमी विहारात जाणारे लोक, मावशी. तुमचं देवाचं तुमाले माहीत. माही रोजची गाडी चुकली म्हणून या गाडीत बसली, एवढंच." मी तिच्याशी वाद घातला नाही. आजही कुणाशी घालत नाही.

तिनंच मला हाताला धरून वॉर्डात नेलं. बाईचं नाव सुनंदा. सहा पानं झाली होती, ते पान अजून दूर होतं. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि नवऱ्याच्या देखत सांगितलं, "ताई, ते पुस्तक मी न वाचताच दिलं. मला अक्षर दिसत नाही. खोटं बोलले." बसमधली ती पोर सोडली, तर हे मी कुणापुढेही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. सुनंदानं पदराखालच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "मंग हे तरी वाचलं काय?" मी म्हटलं, "सात वेळा!" खाटेवरून तिचा नवरा खुदकन हसला. "द्या इकडं," ती म्हणाली. "मी वाचते, तुमी बसा अन् ऐका."

सातवी शिकलेली ती बाई असं जपून, असं थांबत-थांबत वाचत होती की सात वेळा वाचलेलं ते पुस्तक मी जणू पहिल्यांदाच ऐकत होते. एवढ्या वर्षांत मी शेकडो लोकांना पुस्तकं दिली, मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी वाचून घेतलंही नसतं.

तिचा नवरा ठणठणीत झाला असं मी सांगणार नाही. आठवड्यातून दोनदा त्याला मशीनवर घेतात. तो तिथे पडलेला असतो तेव्हा सुनंदा मला फोन लावते आणि मी पाठवलेलं नवं पुस्तक आम्हा दोघांना वाचून दाखवते. गिऱ्हाईक विचारतं, "बाई, हे वाचलं काय तुमी?" मी ताठ मानेनं सांगते, "नाही बा, मला दिसत नाही. आमच्या अकोल्याच्या सुनंदाताईनं वाचलंय." प्रभूनं डोळे परत दिले नाहीत, मीही मागत नाही. तो गर्व सोडून द्यायला मला फार वेळ लागला, त्यानं तेवढी वाट पाहिली, हे त्याचे उपकार.

परवा एक नवं पुस्तक तिनं चार पानांवरच मिटलं. "बाई, हे दुकानात ठेवू नोका. दुखण्याईताच्या बायकोले हे रडवीन."

पुढे काय लिहिलंय हे मी विचारलंही नाही. गठ्ठा तसाच बांधून परत पाठवला.