विमलने घातलेलं माझं गाऱ्हाणं

विमल गेल्याचा फोन ह्यांना आला, मला नाही. हे भरल्या ताटावरून उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. माझी सख्खी बहीण गेली तेव्हा ह्यांनी ताकभात संपवला होता. विमलला जाऊन आता तीन आठवडे झाले, मी अजून तेच धरून बसले आहे.

भाईंदर पश्चिमेला चाळीत ती माझ्या समोर राहायची. दोघीही रत्नागिरीकडच्या. पण ती शेजारणीशी गुजराती बोलायची, भाजीवाल्याशी हिंदी, आणि मी नुसतं बोट दाखवायची. तिच्या कालवणाचा वास आला की हे मी वाढलेल्या ताटावर बसून विचारायचे, "आज काय केलंय गो विमलने?"

नव्वदच्या आसपास हे कामाला होते तो स्टीलच्या भांड्यांचा कारखाना बंद पडला. हे घरात भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा आम्ही चाळीतल्या पाचसहा बायका ठाण्यापुढच्या एका डोंगरावरच्या देवीला निघालो. भर मे महिना. अर्ध्या वाटेवर तळं, माथ्यावर देवी. मला गाऱ्हाणं घालायचं होतं, म्हणजे देवीपुढे उभं राहून मोठ्याने मागायचं, ह्यांना काम मिळू दे. तोवर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असं ठरलं होतं. विमलला काही मागायचं नव्हतं, पण माझ्या सोबतीला तीही कोरडी राहिली.

तळ्याशी पोचेपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली. पाणी हिरवं, कडेला म्हशी. मी ओंजळीने प्यायले. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही नाही.

"प्यायलीस?" विमलने विचारलं.

"मग काय मरू?"

"मरू नको, सावलीत बस. भावोजींचं मी घालते."

मी पिशव्या राखत बसले. वरची चढण उघडी होती, तिची साडी शेवटपर्यंत दिसत होती. कुठे थांबली नाही. मग वाऱ्याबरोबर तिचा आवाज खाली आला... माझ्या नवऱ्याचं नाव, डोंगराच्या माथ्यावरून, दुसऱ्या बाईच्या तोंडून. मी ते नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं.

मी वर का गेले नाही हे घरी निघालं तेव्हा तिने ह्यांना सांगितलं, हिचा पाय मुरगळला. ह्यांनी मला पाटावर बसवून धडधाकट पायाला तेल चोळलं, पुढे आठ दिवस रोज. महिन्याभरात ह्यांना मीरा रोडला काम लागलं. तेव्हापासून गावचे आंबे आले की पहिले डझनभर तिच्याकडे. चाळ पडली, ती दुसऱ्या गल्लीत गेली, तरी आंबे जात राहिले. "गाऱ्हाणं तिचं होतं," हे म्हणायचे. मागणं माझं होतं, ते कुणाच्या ध्यानात नाही.

परवा पेटी आली. ह्यांनी सवयीने बारा बाजूला काढले आणि तसेच बसून राहिले.

"आता आपणच खाऊ," मी म्हटलं.

"तू तळ्यावर पाणी प्यायली होतीस," हे म्हणाले. "मी तुला डॉक्टरकडे न्यायला निघालो, तेव्हा विमलने सांगितलं. म्हणाली, तिला काही विचारू नका, तेल लावत राहा."

इतकी वर्षं मी धरून चालले होते, निदान ते आठ दिवस तरी माझे होते.

बारा आंबे अजून पेंढ्यात आहेत. घरभर वास सुटलाय, आणि आम्ही दोघंही हात लावत नाही.