काकांची खडूची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. लोह्याच्या त्या वरातीत बेसचे स्पीकर जळाले ते माझ्यामुळं.

तेव्हा मी नांदेडला एका साउंडवाल्याकडं वायरिंग करायचो. आवाज चालवणारा माणूस माझ्याहून बराच मोठा होता, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. कार्यक्रमाआधी ते बेस हळूहळू वाढवत न्यायचे, आवाज फाटायच्या जरा अलीकडं थांबायचे आणि अँप्लिफायरच्या बटनापाशी खडूनं रेघ ओढायचे. मग नवरदेवाचा बाप येवो की आणखी कोणी, बटन रेघेपुढं जायचं नाही. "वाजवायचंय का जाळायचंय?" एवढंच विचारायचे.

त्या दुपारी वरातवाल्यांना धमक कमी वाटली. मालकानं मला फोनवर झापलं. गाडीवर बेसचे चार डबे होते, पण वाजणारे दोनच. बाकीचे दोन चालू होते, पण न जोडता नुसते दिसायला ठेवलेले. अँप्लिफायरच्या मागं लिहिलेलं होतं, एका बाजूला चार ओमच्या खाली जोडू नका. एकेका बाजूला चार ओमचा एकेक बेस होताच. त्याच्या जोडीला दुसरा लावला की दोनच ओम उरतात आणि अँप्लिफायरवर दुप्पट ताण येतो. हे मला ठाऊक होतं. तरी काका चहाला गेलेले बघून मी ते दोन्ही डबे जोडले.

काका आले, नेहमीच्या रेघेवर बटन नेलं.

"आज लई दणकून राहिलं रे! काय केलंस?"

"कुठं काय, काका. दोन्हीकडं भिंती हायत, घुमतंय."

अर्ध्या तासात जळक्या वार्निशचा वास आला. अँप्लिफायर आतून शॉर्ट झाला होता, करंट सरळ बेसच्या कॉइलमध्ये गेला. डब्यांतून धूर निघाला. नाचणाऱ्यांतला एक ओरडला, "अय डीजे, शेकोटी पेटवलीस का?" सगळे हसले. काका जनरेटर बंद करायला धावले. मी मागून गाडीवर चढलो आणि आधी जादा वायरी काढून घेतल्या. मग बटनाकडं लक्ष गेलं. ते बरोबर रेघेवर होतं. मी अंगठ्यानं रेघ पुसली. चुकून नाही.

नांदेडला परतल्यावर मालकानं विचारलं, "काका, बटन कुठवर नेलं होतं?"

"रेघेवरच होतं, मालक."

"कुठंय रेघ?"

काका वाकून बघत राहिले. मग मालक माझ्याकडं वळला. मी म्हणालो, "गर्दीत जरा पुढं गेलं आसंल."

काकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, खांद्यावरचा रुमाल झटकला आणि निघून गेले. पुढं कुठल्याच साउंडवाल्यानं त्यांना गाडीवर घेतलं नाही. बेस जाळणारा म्हातारा, असं नाव झालं.

आता लातूरला माझं दुकान आहे. गिऱ्हाईक डब्यावरचे मोठ्ठे वॉट बघून येतं. मी आधी ओम दाखवतो, मग सलग किती वॉट सोसतो ते, आणि शेवटी सांगतो, खडूनं रेघ ओढून ठेवा. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर अनुभवानं म्हणतो.

काका उदगीरला आडतीवर धान्याचं माप करतात. मागं भेटले होते. "दुकान बरं चाललंय ना रे?" म्हणाले. मी "हाव काका" म्हणालो आणि वाटेला लागलो.

वायरी मी जोडल्या आणि रेघ मी पुसली, हे काकांना आणि त्या मालकाला समोरासमोर बसवून सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.