गुळव्याची बोटं

माळेगावच्या रस्त्याला एका गुऱ्हाळावर मी गरम गुळाच्या लोभानं थांबलो होतो. तिथला म्हातारा गुळव्या काहिलीतला उकळता पाक पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी फिरवायचा आणि डोळे मिटायचा. त्याची मान हलली की काहील उतरलीच म्हणून समजा.

त्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते.

"वस्तादाची देन. गोळी चुकली की तापल्या पळीचा चटका!"

"म्हणून तर एवढे तयार झालात, आबा," मी गूळ तोंडात कोंबत म्हणालो.

"समदी असंच म्हणत्यात," तो हसला. "आमी चौघं शिकत हुतो. तिघं पळाली. त्यातल्या एकाचा हात माझ्यापेक्षा लई भारी हुता. त्यो आजबी गूळ खात न्हाय."