दुसरा भाग येईस्तोवर

कंपनीनं कॉम्प्युटरवरच्या त्या खेळाची तारीख पुढं ढकलली की नीलाबाई खीर करायची. अश्वजितला हे उमजायला बरीच वर्षं गेली. पौर्णिमा नाही, कोणाचा वाढदिवस नाही, आणि ताटात खीर.

"आज काय हाये आई?"

"काई नाई. दूध उरलं होतं."

त्या घरात दूध कधीच उरत नसे.

भद्रावतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. नीलाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि अश्वजित पुढच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन टाकून बसायचा. बसूनच होईल असं काम त्याला शोधावं लागलं होतं. त्याला सिकलसेल होता. त्या भागात नुसतं 'सिकल' म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, आणि हाडाच्या आतून कोणी हाड कुरतडावं तसं दुखू लागतं. थंडीत अधिकच. तो कॉलेजात होता तेव्हा एक डॉक्टर त्याच्या उशाशी उभा राहून दुसऱ्या डॉक्टरला म्हणाला होता, हा तिशी पाहील असं वाटत नाही. पेशंट झोपलेला आहे अशी त्याची समजूत होती.

त्याच वॉर्डात राजदीप भेटला. वरोऱ्याचा, त्याच दुखण्याचा. त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये तो खेळ. इंग्रजी नाव लांबलचक होतं, दोघं त्याला 'नावाडी' म्हणत. दोघांच्याही एकेका हाताला सलाईन, म्हणून एकानं बटणं दाबायची आणि दुसऱ्यानं माऊस हलवायचा. काळ्या नदीच्या काठानं एक माणूस होडी शोधत हिंडतो. शेवटी होडी सापडते, पाण्यात उतरते, मधोमध पोचते आणि पडदा काळा होतो.

"हे काय झालं बे?" राजदीप चिडला. "पल्याड काय हाये मंग?"

"दुसरा भाग येनार हाये म्हणते."

"तवर आपण राह्यलो पाहिजे ना."

"मी तं राहतो बावा. दुसरा भाग येईस्तोवर मी मरत नाई."

"मले काई घाई नाई," राजदीप हसून म्हणाला. "तू पाह्य आन मले सांगजो."

नीलाबाई तिथंच मोसंबी सोलत होती. तिनं सगळं ऐकलं.

पुढच्या हिवाळ्यात राजदीप गेला. अश्वजित राहिला. खेळाची तारीख निघायची, पुढं जायची, पुन्हा निघायची. अश्वजितनं तिशी पाहिली, ओलांडली. एक जण बोलला, तो राहिला. एक जण बोलला नाही, तो गेला. नीलाबाईच्या डोक्यात हे असं बसलं, आणि त्याची तिला लाजही वाटे. कारण लग्न होऊन आल्यावर सासूनं कणगीमागं दडवलेले देवांचे टाक तिनंच नदीत सोडले होते. शेजारीण मरीआईला कोंबडं बोलली, तेव्हा भर रस्त्यात तिला बावीस प्रतिज्ञा ऐकवणारी बाई ही.

आणि मग खेळ आला. ऐन थंडीत. अश्वजित सकाळपासून तो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेत होता. लाईट जायची, यायची, पुन्हा जायची. दुपारी नीलाबाई शाळेतून परतली, ती दारातच थांबली.

"आला म्हणते ना तो?"

"कोण?"

"तुहा नावाडी. मोबाईलवर दाखवून राह्यले."

"हो, आला."

"नोको खेळू."

तो हसू लागला. "आई, मजाक केली होती मी. पोट्टे होतो आम्ही. आन तूच म्हणतं ना, नवस-फिवस आपल्यात नाई."

"नवस देवाले बोलतेत. तू कोणाले बोलला होता?"

"कोणालेच नाई."

"मंग वसूल कराले कोण येते, ते मले काय मालूम?"

तरी त्यानं खेळ सुरू केला. पल्याड काय आहे ते कोणाला तरी सांगायचं राहिलं होतं, आणि ज्याला सांगायचं तो ऐकायला नव्हता. न पाहता राहणं त्याहून वाईट होतं.

कित्येक दिवस तो खेळत होता. नीलाबाई काम आटोपून शेजारी बसायची. पडद्याकडे नाही, त्याच्याकडे बघत. मध्येच दुखणं उसळलं. मांड्या, पाठ, छाती. तिनं विटकर तापवून फडक्यात गुंडाळली, शेकत राहिली, पाणी पाजत राहिली. "पाह्यलं?" असं ती म्हणाली नाही. दुखणं ओसरल्यावर त्यानं पुन्हा लॅपटॉप ओढला, तेव्हा ती विटकर पुन्हा तापत ठेवायला उठली.

होडी पल्याड लागली. तिथं काहीच नव्हतं. अल्याडसारखाच काठ, तसाच चिखल. नावाडी होडीतून उतरला, चिखलात बसला आणि बसूनच राहिला. नावांची लांब रांग वर सरकली. मग काळ्यावर पांढरे दोन इंग्रजी शब्द. गोष्ट इथंच संपते, पुढं काही नाही, हे कंपनीनं आधीच जाहीर केलं होतं.

"काय लिहिलं हाये?" नीलाबाईनं विचारलं.

"तिसरा भाग येऊन राह्यला म्हणते."

"कवा?"

त्याला एखादं साल सांगता आलं असतं. ओठापर्यंत एक आलंही. जवळचं सांगावं की लांबचं, हे त्याला ठरवता येईना.

"ते नाई लिहिलं."

ती त्या दोन शब्दांकडे पाहत राहिली. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण जन्मभर तिनं टीव्हीवर जुने सिनेमे पाहिले होते आणि त्यांच्या शेवटी हीच अक्षरं येत. हे अश्वजितच्या ध्यानात आलं तेव्हा बोलून झालं होतं.

नीलाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"मंग बोल ना," ती म्हणाली. "तवा बोलला होता तसं."

"आई..."

"तिसरा येईस्तोवर. बोल."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं," नीलाबाई म्हणाली.