व्याह्यांचा रविवारचा फोन

वर्ध्याहून निघताना हिने गोरसपाकाचे (तुपातली खुसखुशीत बिस्किटं) दोन डबे माझ्या पिशवीत कोंबले. "व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका," म्हणाली. व्याही म्हणजे स्वीडनचे लार्स, आमच्या मृणालचे सासरे. हिवाळा काढायला पुण्यात लेकाकडे आले होते. ऐन उमेदीत ते स्पीडवे (मातीच्या गोल मैदानावरची मोटरसायकल शर्यत) खेळायचे, एवढंच मला ठाऊक होतं.

हिंजवडीत कंपन्यांच्या बसगाड्यांमागे रिक्षा इतकी रेंगाळली की माझी एक डुलकी झाली. दार लार्स यांनीच उघडलं. उंच, किंचित लंगडणारे. गोरसपाक चहात बुडवून त्यांनी बघता बघता अर्धा डबा संपवला. माणूस मला तिथेच आवडला.

रविवारी मृणालची स्कूटर घेऊन आम्ही दोघे म्हातारे कात्रजचं सर्पोद्यान बघायला निघालो. वळण आलं की मागे बसलेले लार्स डावा पाय बाहेर टाकून रस्त्यावर घासायचे. माझा जीव वरखाली. सिग्नलला शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "अहो, पाहुण्यांना पाय आत घ्यायला सांगा. थोडा रस्ता आम्हालाही लागतो."

साप बघून झाल्यावर आइस्क्रीम खायला बसलो, तेव्हा मी पायाचं विचारलं. इंग्रजी दोघांचंही जेमतेम, त्यामुळे आडपडदा जमत नव्हता. ते म्हणाले, शर्यतीच्या गाडीला ब्रेकच नसतो. डाव्या बुटाला लोखंडी तळ असतो, तो टेकवत वळायचं.

"आणि समोर कोणी पडलं तर?"

"आपली गाडी आडवी पाडायची."

एका अंतिम शर्यतीत पुढचा स्वार पडला. लार्स यांनी गाडी पाडली, कुंपणावर आदळले, खुब्याचं हाड मोडलं. कारकीर्द तिथेच संपली. तो स्वार पुढे अजिंक्यवीर झाला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला. "तोच. दर रविवारी करतो. आभार मानायला."

"मग घ्या की!"

"काय बोलू? गाडी पाडली नसती तर, असं मला अजून वाटतं."

"अहो, तो मेला असता!"

"हो," ते म्हणाले. "तरी वाटतं."

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. "हेच त्यांना सांगा," मी म्हणालो.

"पुढच्या रविवारी."

मी ताणलं नाही. व्याह्यांना किती बोलायचं? फोन वाजून वाजून बंद झाला.

वर्ध्याला परतल्यावर हिला साप सांगितले, वाहतूक सांगितली, फोनचं सांगितलं नाही. महिन्याभराने मृणालने कळवलं, "बाबा, मामंजींचे ते शर्यतीतले मित्र गेले. आता दर रविवारी मामंजींना कात्रजला जायचं असतं. आइस्क्रीम मागवतात, खात नाहीत. फोन समोर उताणा ठेवून बसतात."

त्या दिवशी तो फोन घ्यायला लावला असता तर, असं आता मलाही वाटत राहतं.