डावीकडचा पडदा

मी भूलतज्ज्ञ आहे, बारा वर्षं झाली. मॉनिटरवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई. असले अनुभव कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचे... त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय.

वाघोलीजवळचं एक छोटं हॉस्पिटल. सकाळचे साडेदहा. टेबलावर गायकवाड काका – वय अडुसष्ट, मार्केट यार्डातल्या एका आडत्याकडे कारकुनी करून निवृत्त झालेले. मानेत उजवीकडची गाठ काढायची होती. हृदयाचं पंपिंग कमी, म्हणून पूर्ण भूल न देता फक्त मान बधिर करायची ठरलं होतं. काका जागेच राहणार होते.

यात एक धोका असतो. मानेत खोलवर दिलेलं बधिर करायचं औषध, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, कधीकधी श्वासपटलाच्या नसेपर्यंत पोचतं. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा. आपला श्वास त्याच्यावर चालतो. त्याची एक बाजू मग काही तास लुळी पडते. दुसरी बाजू धड असली की बहुतेक जण निभावून नेतात.

काकांचं तोंड डावीकडे वळवलं. गुंगीचं औषध अजून थेंबभरही दिलं नव्हतं. मी सुई उचलली.

"मॅडम, एक मिनिट," काका म्हणाले. "त्या बाई तुम्हाला काहीतरी सांगतायत."

"कोण बाई?"

"या काय, इकडे उभ्या आहेत. म्हणतायत – अगं, डावीकडचा पडदा हलत नाहीये."

डावीकडे कोणीही नव्हतं. सिस्टर माझ्या शेजारी, सर्जन टेबलाच्या पायाशी. आणि आमच्या ऑपरेशन थिएटरला पडदाच नाही.

"पडदे धुवायला गेलेत, काका," सर्जन म्हणाले. "घ्या मॅडम, उशीर होतोय."

माझा हात पुढे जाईना. पडदा... आदल्या दिवशी एक्स-रेत त्यांचं डावं श्वासपटल जरा वर सरकलेलं दिसलं होतं. पोटात गॅस असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. कोणाला बोललेही नव्हते.

सुई खाली ठेवली. सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांखाली लावला.

"मोठा श्वास घ्या, काका."

उजवी बाजू व्यवस्थित हलली. डावी नाही.

"पुन्हा घ्या."

तेच. तिसऱ्यांदाही तेच. जुनी कधीतरी दुखावलेली नस असावी. काकांना पत्ताच नव्हता. उजवीकडे खोल ब्लॉक दिला असता तर दोन्ही बाजू बंद... आणि समोर कमजोर हृदयाचा माणूस. सर्जन स्क्रीनकडे बघत राहिले.

मी फक्त कातडीखाली वरवरचा ब्लॉक दिला. बाकी लागेल तसं सर्जननी जागेवरच बधिर केलं. गाठ निघाली – साधीच होती.

संध्याकाळी वॉर्डात जाऊन विचारलं, "काका, त्या बाई दिसायला कशा होत्या?"

"मास्क होता ना. डोळे तेवढे दिसले. तुम्हाला अगंतुगं करत होत्या, म्हटलं मोठ्या मॅडम असतील." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "हे बघा, मी बौद्ध माणूस. भूतबीत आमच्याकडे चालत नाही. तुमच्या स्टाफपैकीच होत्या त्या."

माझ्या मनाने मला सावध केलं असेल, असं म्हणून बघितलं. पण मग ते काकांना कसं ऐकू गेलं?

आठवड्याने टाके काढायला आले, तर हातात पेढ्यांचे दोन पुडे. एक मला दिला. दुसरा पुढे करून म्हणाले, "हा त्या मोठ्या मॅडमना द्या."

मी घेतला. कोणाला द्यायचा, ते मला आजही माहीत नाही.